तक्रार जिथे पोचते, तिथे अधिकार हवा

मालेगावच्या एका साडी दुकानदाराने सुरतच्या रिंग रोडवरच्या पेढीतून चारशे साड्या मागवल्या, असं समजा. माल पोचला, विक्री सुरू झाली आणि आठवड्याभरात बायका साड्या परत घेऊन येऊ लागल्या, कारण ब्लाउजपीस पुरत नव्हतं. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटर, मिळून सहा मीटर तीस, हा बाजारातला सर्वसाधारण हिशेब. या मालात तुकडा पासष्टच्या पुढे जात नव्हता. दुकानदाराने पेढीवर फोन केला. फोन घेणाऱ्या सेल्समनने सगळं नीट ऐकून घेतलं, पण कापणी त्याच्या हातात नाही म्हणून फोल्डिंगच्या माणसाला कळवलं. फोल्डिंगवाला म्हणाला, मिलमधूनच कापडाचा ताका शॉर्टेज घेऊन आला, आम्ही आहे त्यात कापलं. मिलशी बोलणारा माणूस वेगळा. तो म्हणाला, मिलचं बिल केव्हाच पास झालंय, आता अकाउंट्सला विचारा. अकाउंट्सने सांगितलं, माल परत घ्यायचा किंवा रक्कम वळती करायची तर शेठची सही लागेल. शेठ गावाला गेले होते. दहा-बारा दिवसांनी मालेगावला उलट फोन गेला, तोवर दुकानदाराने पुढची ऑर्डर शेजारच्या मार्केटात दिली होती. त्याने भांडण केलं नाही, पुन्हा फोनही केला नाही.

या प्रसंगात कामचुकार कुणीच नाही. सेल्समन सौजन्याने बोलला, फोल्डिंगवाल्याने दिवसाचे नग पूर्ण केले, अकाउंट्सने नियम पाळला. प्रत्येकाच्या कामाचं मोजमाप वेगळं आणि त्या मोजमापात प्रत्येक जण पास झाला. नापास झाली ती पेढी, आणि तेही अशा ठिकाणी जिथे कुणाचंच टेबल नव्हतं. मालक मंडळी अशा वेळी माणसांना बोल लावतात, ‘ग्राहक देवो भव’चा फलक लावतात, सेल्समनना प्रशिक्षणाला पाठवतात. फलक बदलून ही तक्रार एक दिवससुद्धा लवकर सुटणार नाही. कामाची विभागणी कशी केली आहे, कुणाला किती रकमेपर्यंत निर्णय घेता येतो आणि कोण कुणाला उत्तर देतं, हे बदललं तरच सुटेल.

सुरतच्या वाचकाला हे पटवून द्यायला परदेशातली उदाहरणं आधी शोधायची गरज नाही. या शहराने ते स्वतःच्या अंगावर अनुभवलं आहे, मात्र कंपनीत नव्हे, महापालिकेत.

सप्टेंबर १९९४ मध्ये पावसापुराचं पाणी ओसरल्यावर वेड रोड–कतारगामच्या बाजूला प्लेगची साथ उघडकीला आली. पन्नासहून अधिक माणसं दगावली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. लूम थांबले, हिऱ्याचे कारखाने बंद झाले. लिंबायत-उधनाच्या वस्त्यांतली खानदेशी कुटुंबं तापी मार्गाच्या गाड्यांनी नंदुरबार-जळगावकडे परतली. महापालिकेचा नागरिक म्हणजे काही ग्राहक नव्हे, तो कुठे सोडून जाणार, असं आपण धरून चालतो. सुरतेत तो सोडून गेला. म्हणूनच या घटनेकडे व्यवसाय करणाऱ्याने बारकाईने बघायला हवं.

त्या आधीची महापालिका कशी चालायची? आरोग्य, ड्रेनेज, पाणीपुरवठा, रस्ते, नगररचना, अतिक्रमण अशी खाती आणि त्यांचे प्रमुख मुगलीसरातल्या मुख्यालयात. आता एखाद्या गल्लीतलं तुंबलेलं गटार घ्या. गाळ काढायचा ड्रेनेजने, त्यातला कचरा उचलायचा आरोग्य खात्याने, फुटलेलं झाकण बसवायचं बांधकामाने, आणि गटारावर कुणी टपरी बांधली असेल तर ती काढायची अतिक्रमणवाल्यांनी. गल्लीत राहणाऱ्या माणसाला दिसत होतं एकच गटार. महापालिकेच्या कागदावर ते चार तुकड्यांत वाटलेलं होतं, आणि चारही तुकडे जिथे एकत्र येत होते ती खुर्ची थेट आयुक्तांची. सुमारे पंधरा लाख वस्तीच्या शहरात एका खुर्चीपर्यंत किती गटारं पोचणार?

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांच्या काळातल्या धडाक्याच्या गोष्टी लोकांना आठवतात: अतिक्रमणावरचे बुलडोझर, हॉटेलांना दंड, रात्रीची झाडलोट. माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम यापैकी कुठलंच नाही. त्यांनी शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनला एक वरिष्ठ अधिकारी प्रमुख म्हणून नेमला आणि आयुक्ताकडचे प्रशासकीय व आर्थिक अधिकार त्याच्याकडे सोपवले. झोनमधलं गटार, कचरा, रस्ता आणि अतिक्रमण हे सगळं आता एका माणसाच्या कक्षेत आलं. निविदा, दुरुस्ती, कारवाई यांसाठी प्रत्येक फाइल मुगलीसराला पाठवायची गरज उरली नाही. यासाठी नवा कायदा लागला नाही. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा, ज्याखाली तेव्हा पुणेही चालत होतं, आयुक्ताला आपले अधिकार खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू देत होताच. माणसंही बहुतेक तीच होती, ज्यांच्या डोळ्यांदेखत प्लेग आला होता.

दुसरी गोष्ट अधिकाऱ्यांच्या दिवसाची. ‘एसी ते डीसी’ असं त्या मोहिमेचं नाव पडलं. एसी म्हणजे वातानुकूलित खोली आणि डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजचं प्रत्यक्ष काम. अधिकाऱ्यांनी दिवसाचा मोठा भाग रस्त्यावर काढायचा आणि मग आयुक्तांसोबत एकत्र बसून काय पाहिलं, काय अडलं ते सांगायचं. ही बैठक रोजची होती. तिसरी गोष्ट, तक्रारींचे प्रकार पाडून प्रत्येक प्रकाराला मुदत ठरवली गेली आणि मुदतीत काम झालं की नाही हे वरून तपासलं जाऊ लागलं.

१९९६ मध्ये इंटॅक या संस्थेच्या पाहणीत सुरत चंदीगडनंतर देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं. रावांची बदली झाल्यावर पुढच्या आयुक्तांनी, एस. जगदीशन यांनी, हीच घडी चालू ठेवली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत आणि इंदूर यांनी पहिला क्रमांक वाटून घेतला. मधल्या अडीच-तीन दशकांत आयुक्त आले-गेले, सरकारं बदलली, शहर तिपटीहून जास्त वाढलं. एका माणसाच्या धाकावर उभं असलेलं काम इतकं टिकत नाही. प्लेगची दहशत, लोकांचा पाठिंबा, रावांची जिद्द, हे सगळं सुरुवातीला लागलंच, आणि ते नसतं तर सहा झोनचा नकाशा कागदावरच राहिला असता हेही खरं. पण जिद्द ओसरल्यावर जे उरलं ती रचना होती.

आता तुमच्या कंपनीकडे वळू. आधी एक काम करा. मागच्या तीन महिन्यांतली एक खरी तक्रार घ्या, शक्यतो अशी की जिच्यानंतर ग्राहक हातचा गेला. ती पहिल्यांदा कुणी ऐकली, पुढे कुणाकुणाकडे गेली, प्रत्येकाकडे किती दिवस पडून राहिली आणि शेवटी निर्णय कुणी घेतला, हे एका कागदावर ओळीने लिहा. त्या त्या माणसाशी बोलून लिहा, आठवणीवर विसंबू नका. मग दोन ठिकाणी खूण करा: तक्रार पोचली ती जागा आणि निर्णय झाला ती जागा. या दोन खुणांमध्ये जितके हात, तितकी तुमची कंपनी ग्राहकापासून लांब. कंपनीचा संघटन-तक्ता भिंतीवर कितीही सुबक असला तरी खरा तक्ता हाच.

बहुतेक मध्यम कंपन्या कामाच्या प्रकाराने विभागलेल्या असतात: खरेदी, उत्पादन, डिझाइन, पॅकिंग, विक्री, अकाउंट्स. कौशल्य वाढायला आणि खर्च आवरायला ही विभागणी उत्तम. तिची अडचण अशी की ग्राहक कुठल्याच एका खात्याचा नसतो. तो सगळ्यांमधून थोडा थोडा जातो आणि पूर्ण कुणालाच दिसत नाही. म्हणून धंदा वाढला की विचार करायला हवा तो दुसऱ्या विभागणीचा: ग्राहकाच्या प्रकाराने, प्रदेशाने किंवा मालाच्या प्रकाराने. सुरतच्या साडी पेढीचं बघा. खानदेश-मराठवाड्यातला दुकानदार हंगामाला एकदम माल उचलतो, उधारीवर घेतो आणि त्याला आडत्या किंवा जुनी ओळख हवी असते. ऑनलाइन विकणाऱ्याला रोज दहा-वीस नग वेळेवर रवाना व्हायला हवेत आणि परत आलेला माल पटकन जमा व्हायला हवा. गारमेंट बनवणाऱ्याला ताका हवा, रंगात फरक चालत नाही आणि भावावर तो घासाघीस करतो. या तिघांना एकच सेल्स खातं, एकच पॅकिंग टेबल आणि परतीचा एकच नियम लावला, तर तिघांपैकी जो सगळ्यात जोरात ओरडतो त्याचं काम आधी होतं. बहुधा तो ऑनलाइनवाला असतो. मालेगावचा दुकानदार गप्प बसतो आणि निघून जातो.

पण इथे सावध करतो. चाळीस माणसांच्या पेढीत तीन वेगळे विभाग करायला जाऊ नका. प्रत्येक विभागाला आपला मॅनेजर, आपला पॅकर, आपला हिशेबनीस दिला की खर्च दुप्पट होईल आणि कापडाचं ज्ञान तीन ठिकाणी विखुरलं जाईल. महापालिकेनेही सगळं फोडलं नव्हतं. पाणी शुद्धीकरणासारखी मोठी, तांत्रिक कामं झोनमध्ये वाटून चालत नाहीत. लोकांशी रोज जिथे गाठ पडते ते काम झोनकडे आणि जिथे एकत्र असण्यात ताकद आहे ते मुख्यालयाकडे, असा मेळ घालावा लागतो. तुमच्याकडे ग्रे कापडाची घाऊक खरेदी, डिझाइन, बँक आणि कर ही कामं एकत्रच राहू द्या. ऑर्डर घेतल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचा प्रवास मात्र प्रत्येक ग्राहक-गटासाठी एका नावाच्या माणसाकडे द्या. त्याला मॅनेजर म्हणा की आणखी काही. खात्याची माणसं त्याच्या हाताखाली नसली तरी चालतील, पण त्या ऑर्डरपुरता फोल्डिंगपासून अकाउंट्सपर्यंत सगळ्यांना त्याचा शब्द पाळावा लागेल हे मालकाने सगळ्यांसमोर सांगायला हवं. बंद खोलीत सांगितलं तर चालणार नाही. दुसऱ्याच दिवशी फोल्डिंगवाला म्हणेल, मला कुणी सांगितलं नाही.

आणि त्याच्या हातात रक्कम द्या. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण बहुतेक बदल इथेच फसतात. मालक जबाबदारी मोठ्या मनाने वाटतात, पैशाचा अधिकार मात्र स्वतःच्या खिशात ठेवतात. ‘तू बघ सगळं, फक्त सही माझी घे.’ मग त्या माणसाची अवस्था जुन्या वॉर्डातल्या मुकादमासारखी होते: शिव्या त्याने खायच्या, निर्णय मुगलीसराने घ्यायचा. रक्कम ठरवताना असं करा. मागच्या वर्षी तक्रारींपोटी किती माल परत आला, किती सूट दिली, याचा हिशेब काढा. बहुतेक पेढ्यांत या तक्रारींपैकी पुष्कळशा लहान रकमेच्या निघतील. त्या लहान तक्रारी जिथे संपतात तिथे रेषा ओढा. त्या रकमेपर्यंत सूट, बदली माल किंवा परती, कशालाही तुमची सही लागणार नाही. महिन्याला एकूण मर्यादा ठेवा. महिनाअखेरीला प्रत्येक निर्णयाचं कारण त्याच्याकडून ऐका, पण निर्णय फिरवू नका. एकदा फिरवलात तर तो पुन्हा स्वतःहून ठरवायचा नाही, प्रत्येक वेळी तुमच्याकडेच येईल.

सुरतेत आणखी एक रचना आहे जी कुठल्या तक्त्यात दिसत नाही आणि सगळ्यात जास्त परिणाम करते. ती घरातली. मोठा भाऊ मार्केटच्या गाळ्यावर, मधला मिल आणि जॉबवर्क बघतो, धाकटा हिशेब आणि बँक. वडील सकाळी गाळ्यावर येऊन बसतात. ही विभागणी वर्षानुवर्षं चालते आणि बरीच चांगली चालते, कारण भावाभावांत विश्वास असतो, फोनवर दोन वाक्यांत काम होतं. अडचण धंदा वाढल्यावर येते. ग्राहकाची तक्रार ही मग एका भावाने दुसऱ्या भावाच्या कामावर ठेवलेला ठपका होऊन बसते. ‘तुझ्या मिलचा रंग उतरला’ हे वाक्य गाळ्यावर बोललं तरी ते रात्री घरी ताटावर येतं. म्हणून तक्रार दाबली जाते. मोठा भाऊ ग्राहकाला कशीबशी सूट देऊन गप्प करतो, मधल्याला सांगत नाही, आणि तोच रंग पुढच्या लॉटमध्ये पुन्हा उतरतो. नोकरांनाही हे कळतं. कुठल्या भावाच्या खात्यातली चूक कुणासमोर बोलायची नाही याचा अंदाज त्यांना मालकांपेक्षा लवकर येतो.

अशा घरातल्या पेढीला मी दोन गोष्टी सुचवेन. भावांनी कामाच्या प्रकाराऐवजी ग्राहकांच्या गटाने वाटणी करून बघावी: एकाने महाराष्ट्र आणि दक्षिण, दुसऱ्याने उत्तर भारत, तिसऱ्याने ऑनलाइन. मिल आणि हिशेब पगारी माणसांकडे द्यावेत, जे तिघांनाही सारखेच उत्तरदायी असतील. यात मधल्या भावाला पहिल्यांदाच ग्राहकाचा चेहरा दिसतो. रंग उतरल्याची झळ त्याला मिलच्या बिलात नाही, हातून गेलेल्या दुकानदारात दिसते. आणि ज्याला हे शक्य नाही, त्याने निदान तक्रारींची बैठक घराबाहेर ठेवावी, आठवड्याला एकदा, ठरलेल्या वेळी, एका पगारी माणसाने वही वाचून दाखवायची. वही वाचणारा भाऊ नसला की तक्रार ही तक्रारच राहते. वडीलधाऱ्यांनी या बैठकीत फक्त ऐकायला बसावं. हे सांगायला अवघड आहे, पण काकांनी मत दिलं की पुतण्या पुढे बोलत नाही.

मोजमाप हा यातला रुक्ष भाग, पण टाळता येत नाही. पॅकिंगला दिवसाच्या पार्सलवर, सेल्सला महिन्याच्या विक्रीवर आणि अकाउंट्सला वसुलीवर जोखलं जात असेल, तर रचना कितीही बदला, माणसं जुन्याच वाटेने जातील. प्रत्येक खात्याच्या मोजमापात एक तरी आकडा असा ठेवा जो ग्राहकाला जाणवतो: ऑर्डर दिल्यापासून माल दुकानात पोचेपर्यंत लागलेले दिवस, किंवा त्याच ग्राहकाने पुढच्या हंगामात ऑर्डर दिली की नाही. दुसरा आकडा जास्त बोलका, आणि तो तुमच्या वहीत आधीपासूनच आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांचं कौतुक आपण नेहमी त्यांच्या अचूकपणाबद्दल करतो. त्यांची रचना मात्र फारशी कुणी बघत नाही. पंधरा-पंचवीस जणांची तुकडी, तिचा मुकादम त्यांच्यातलाच, डबे आणि गिऱ्हाईकं तुकडीची, आणि महिन्याचे पैसे दारात जाऊन आणणारे तेच. ज्याने डबा उशिरा पोचवला त्यालाच महिनाअखेरी घरच्या बाईंसमोर पैसे मागायला उभं राहायचं असतं. काम, पैसा आणि ग्राहकाचं तोंड या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या की देखरेखीची गरज किती कमी होते, ते तिथे दिसतं. १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख झालेले यान कार्लझोन यांनी पुढे असाच हिशेब मांडला होता: वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची कंपनीच्या सुमारे पाच कर्मचाऱ्यांशी सरासरी पंधरा सेकंदांची गाठ. कंपनी चांगली की वाईट, हे त्या पंधरा सेकंदांत ठरतं. तिथे वरिष्ठ नसतात, म्हणून तिथल्या माणसाला निर्णय घेता आला पाहिजे. त्यांच्या मूळ स्वीडिश पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘पिरॅमिड पाडा’ असा होतो.

अंतराचाही विचार करा. सुरतच्या हिरे उद्योगात बराच काळ घासकाम सुरतला आणि विक्री मुंबईला, अशी विभागणी राहिली. परदेशी खरेदीदार मुंबईत येई, त्याला काय आवडलं आणि काय नापसंत पडलं हे कारागिरापर्यंत पोचायला मधले हात लागत. खाजोदला उभ्या राहिलेल्या सुरत डायमंड बोर्समागे, ज्याचं उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झालं, हे अंतर मिटवण्याचा विचार होता. पण कार्यालयं तिकडे सरकायला वेळ लागला, कारण खरेदीदार, बँका, नाती आणि सवयी मुंबईत रुजलेल्या होत्या. इमारत बांधल्याने संबंध आपोआप हलत नाहीत. तुमचं उत्पादन एका गावात आणि विक्री दुसऱ्या गावात असेल, तर कारखान्यातल्या सुपरवायझरला वर्षातून काही वेळा ग्राहकाच्या दुकानात न्या. फोल्डिंगच्या माणसाने मालेगावच्या दुकानात उभं राहून बाईला ब्लाउजपीस मोजताना एकदा बघितलं, तर त्याला सूचनापत्रक द्यावं लागणार नाही.

इथे मराठी वाचकासाठी वेगळं सांगण्यासारखं काही आहे. सुरतच्या मार्केटांत, पॅकिंगमध्ये, मिलमध्ये काम करणारी मराठी, विशेषतः खानदेशी माणसं मोठ्या संख्येने आहेत. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात, म्हणजे शहराने आपली वस्ती कुठल्या भाषेत बोलते हे ओळखून शाळांची रचना केली. पेढ्यांनी हे क्वचितच केलं. धुळ्या-नंदुरबारचा दुकानदार फोन करतो तेव्हा त्याच्याशी अहिराणीत बोलू शकणारा पोरगा पार्सल बांधत असतो आणि फोनवर बसलेला त्याची हिंदी कशीबशी समजून घेतो. सणाला कुठला रंग चालतो, लग्नसराईत बस्त्यासाठी कुठला भाव परवडतो, हे त्या पोराला घरी बसून माहीत असतं. त्याला विचारायची वाट मात्र रचनेत नाही. तुम्ही अशा पेढीत काम करत असाल तर ही गोष्ट शेठसमोर मांडा, आणि भाषेच्या अस्मितेचा मुद्दा करून नको, धंद्याचा म्हणून मांडा: महाराष्ट्राच्या गिऱ्हाइकांचे फोन एक महिना मला घेऊ द्या, परत आलेला माल आणि पुढच्या ऑर्डरी बघा, मग ठरवा. आणि तुम्ही मालक असाल तर त्या पोराने विचारायची वाट बघू नका.

अधिकार वाटण्याचे तोटेही आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. सहा ठिकाणी निर्णय होऊ लागले की सहा प्रकारचे निर्णय होतात. एकाने मालेगावला पाच टक्के सूट दिली, दुसऱ्याने जळगावला आठ, आणि दोन दुकानदार लग्नात भेटले की तुमची अब्रू जाते. ओळखीच्या ग्राहकाला झुकतं माप मिळतं. हातात पैसा आला की कुणाचा पायही घसरू शकतो. रावांच्या रोजच्या बैठकीचं महत्त्व इथे कळतं. झोन मोकळे होते, पण काय निर्णय घेतला ते रोज बाकीच्या सगळ्यांसमोर सांगावं लागे. भाव, माप, परतीची मुदत आणि मालाचा दर्जा यांचे नियम एकच ठेवा आणि ते लिहून ठेवा. ते पाळायचे कसे, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. रोज नाही जमलं तर आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, उभ्याउभ्या बैठक घ्या, आणि त्यात फक्त घेतलेले निर्णय ऐका. ही बैठक बंद पडू लागली की समजा, अधिकार पुन्हा तुमच्या टेबलाकडे सरकू लागलेत किंवा कुणी काही झाकतंय.

सुरुवात एकदम सगळीकडे करू नका. एक ग्राहक-गट निवडा, शक्यतो असा की ज्यात नुकसान झालं तर पेढी बुडणार नाही आणि फायदा झाला तर सगळ्यांना दिसेल. बाहेरगावचे दुकानदार यासाठी बरे. एका माणसाचं नाव ठरवा, रक्कम ठरवा आणि हे त्या दुकानदारांना स्वतः कळवा: तुमची ऑर्डर यापुढे अमुक बघतील, त्यांचा नंबर हा, अमुक रकमेपर्यंतचा निर्णय तेच देतील. ग्राहकाला कळवल्याशिवाय बदल खरा होत नाही, कारण तोपर्यंत तो शेठलाच फोन करत राहील आणि शेठही सवयीने उचलत राहतील. उचलू नका. उचललाच तर त्या माणसाकडे वळवा, स्वतः निर्णय देऊ नका. हंगामाआधी दोन-तीन महिने सुरू केलंत तर दिवाळीच्या गर्दीपर्यंत घडी बसते. ऐन दिवाळीत सुरू केलंत तर पहिल्याच गोंधळात सगळे जुन्या वाटेने पळतील.

आणि ही घडी कायमची समजू नका. सुरत वाढत गेली तशी सहा झोनची संख्याही वाढवावी लागली. जुने झोन लोकसंख्येने एखाद्या शहराएवढे झाले की त्यांचे तुकडे करावे लागले. तुमच्याही पेढीत एका माणसाकडे दिलेले ग्राहक तिप्पट झाले, तर त्याचं टेबल हेच नवं मुगलीसरा होईल. वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या निवांत आठवड्यात, पुन्हा एक खरी तक्रार घेऊन तो कागद काढा आणि दोन खुणांमधले हात मोजा. गेल्या वर्षीपेक्षा जास्त निघाले तर नवा भाग पाडायची वेळ आली आहे.